फ्रीझरच्या जोरावर आठवडाभर स्वस्तात प्रोटीन, विद्यार्थ्यांसाठी

आठवड्याचं जेवण प्लॅन करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी रेसिपी शोधतात, सोमवारी हे मंगळवारी ते असं सात दिवसांचं टाइमटेबल लिहून काढतात, प्रत्येक रेसिपीसाठी वेगळं सामान आणतात आणि मग बुधवारी प्रॅक्टिकल लांबलं किंवा सबमिशन अंगावर आलं की सगळंच कोलमडतं, आणलेली भाजी सुकते आणि रात्री बाहेरून काहीतरी मागवलं जातं. विद्यार्थ्याला कुठल्या दिवशी किती वेळ मिळेल हे आधी कळतच नाही. त्यामुळे माझं म्हणणं असं की पदार्थ प्लॅन करत बसू नका, प्रोटीन प्लॅन करा. सुट्टीच्या दिवशी एकदाच तीन-चार प्रोटीनवाल्या गोष्टी साध्या, फारसा मसाला न घालता शिजवायच्या, एका माणसाला एका वेळी पुरतील अशी पाकिटं करायची आणि फ्रीझरमध्ये टाकायची. बाकीचं म्हणजे भात, पास्ता, ब्रेड, भाजी, सॉस, मसाला हे त्या त्या दिवशी जे हाताशी असेल आणि जी चव हवी असेल त्याप्रमाणे. साध्या उकडलेल्या चण्यांचं सूप पण होतं, सॅलड पण होतं आणि झणझणीत रस्सा पण होतो, पण एकदा रस्सा करून फ्रीझ केला की तो रस्साच राहतो आणि चौथ्या दिवशी तो डबा उघडायची इच्छा होत नाही.

आधी किती प्रोटीन लागतं ते बघू, कारण सगळं गणित तिथूनच सुरू होतं. सर्वसाधारण निरोगी माणसाला दर किलो वजनामागे रोज साधारण ०.८ ग्रॅम प्रोटीन हे कमीत कमी धरतात, म्हणजे ६० किलो वजन असेल तर ४८ ग्रॅम. हा तळाचा आकडा आहे. नियमित व्यायाम करत असाल, जिमला जात असाल तर १.२ ते १.६ ग्रॅमच्या आसपास ठेवा, म्हणजे त्याच ६० किलोला ७२ ते ९६ ग्रॅम. मी इथे दिवसाला ७० ते ८० ग्रॅम धरून चालतोय, बऱ्याच जणांना एवढं व्यवस्थित पुरतं. किडनीचा काही त्रास असेल तर मात्र असे आकडे स्वतःचे स्वतः ठरवू नका, डॉक्टरांना विचारा.

आता स्वस्त म्हणजे काय. पाकिटाची किंमत बघून काही कळत नाही. दुकानात उभं राहून एवढंच करायचं, पाकिटाच्या मागे १०० ग्रॅममध्ये किती प्रोटीन ते लिहिलेलं असतं, त्यावरून अख्ख्या पाकिटात किती ग्रॅम आहे ते काढायचं आणि त्याला किंमतीने भागायचं, म्हणजे एका रुपयात किती ग्रॅम प्रोटीन पदरात पडतंय ते समजतं. पाच-सहा वस्तूंचं हे एकदा करून फोनमध्ये लिहून ठेवलं की पुढे महिनोन्‌महिने तीच यादी कामाला येते. हे केलं की डोळे उघडतात, कारण पाकिटावर मोठ्या अक्षरात 'हाय प्रोटीन' लिहिलेले बार, कुकीज आणि योगर्ट बऱ्याचदा तळाला जातात आणि सुकी कडधान्यं, डाळी, सोया चंक्स, अंडी वर येतात. चिकन मध्ये कुठेतरी असतं, त्यातही बोनलेस ब्रेस्टपेक्षा हाडासकट लेग पीस किंवा अख्खी कोंबडी साधारण स्वस्त पडते आणि हाडांचा स्टॉक वर फुकट मिळतो.

डब्यातल्या शिजवलेल्या चण्यांचं गणित करताना एक लक्षात ठेवा, ४०० ग्रॅमच्या डब्यातलं पाणी काढलं की चणे साधारण २४० ग्रॅमच उरतात, म्हणजे ९०-१०० ग्रॅम सुके चणे भिजवून शिजवल्यावर जेवढे होतात तेवढेच. घाईच्या दिवसासाठी एक डबा घरात असावा, पण आठवड्याचा भार त्याच्यावर टाकू नये. आणि पीनट बटर आवडीने खा, पण त्याला प्रोटीनचा मुख्य स्रोत समजू नका, १०० ग्रॅममध्ये प्रोटीन २५ ग्रॅम असलं तरी फॅट ५० ग्रॅमच्या आसपास असतं.

पाठ करून ठेवण्यासारखे आकडे (सगळे अंदाजे, ब्रँडप्रमाणे थोडं इकडे-तिकडे): एका अंड्यात ६ ग्रॅम. १०० ग्रॅम सुक्या मसूर डाळीत २४, सुक्या काबुली चण्यात १९, सोया चंक्समध्ये ५०. कच्च्या चिकन थायमध्ये १९. फ्रोझन मटारात ५, ओट्समध्ये १३, ब्रेडमध्ये ९, कच्च्या तांदळात ७. एक लिटर दुधात ३३. घट्ट टोफूचा आकडा पाकिटागणिक फार बदलतो, १२ पासून पुढे काहीही असू शकतो, तिथे लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका.

एका माणसाची आठवड्याची खरेदी

१२ अंडी, बोनलेस चिकन थाय ८०० ग्रॅम, मसूर ३०० ग्रॅम, काबुली चणे ३०० ग्रॅम, सोया चंक्स १०० ग्रॅम, दूध २ लिटर, फ्रोझन मटार ५०० ग्रॅम, ओट्स ३०० ग्रॅम, तांदूळ अर्धा किलो, ब्रेडचा एक ४०० ग्रॅमचा लोफ. यावर कांदा, लसूण, टोमॅटो, फ्रोझन पालक किंवा जी भाजी स्वस्त असेल ती आणि फळं. वरच्या आकड्यांनी बेरीज केलीत तर ही नुसती मुख्य यादी ६०० ग्रॅम प्रोटीनच्या आसपास जाते, म्हणजे दिवसाला ८५ च्या घरात. थोडं जास्तच आहे आणि ते मुद्दाम, कारण दोन-तीन पाकिटं शिल्लक राहून पुढच्या आठवड्यात जायला हवीत. ते का ते पुढे येईलच.

चिकन खात नसाल तर ते काढून त्याजागी ४०० ग्रॅम घट्ट टोफू आणि आणखी १०० ग्रॅम सोया चंक्स घ्या, तरी दिवसाला ७५ च्या वर राहता. अंडीही नको असतील तर मसूर आणि चणे प्रत्येकी १५० ग्रॅमने वाढवा, अंड्यांचं जवळपास भरून निघतं. डाळी-कडधान्यांचं प्रोटीन अपुरं असतं असं खूप ऐकायला मिळतं, त्यात तथ्य एवढंच की कडधान्यात मेथिओनिन हे अमिनो आम्ल (म्हणजे प्रोटीनचा एक घटक) कमी असतं आणि धान्यात लायसिन कमी असतं, म्हणजे दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात, आणि ते एकाच ताटात असायला पाहिजे असंही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं.

फ्रीझर नीट ओळखून घ्या

होस्टेलवर किंवा शेअरिंगच्या खोलीत जो छोटा फ्रिज असतो त्यातला वरचा बर्फाचा कप्पा म्हणजे खरा फ्रीझर असेलच असं नाही. त्याच्या दारावर किंवा आत चांदणीसारखी चिन्हं असतात ती बघा (वीज बचतीचे स्टार वेगळे, त्यांचा इथे संबंध नाही). एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, तिथे आधीच गोठलेली वस्तू जेमतेम आठवडाभर ठेवायची. दोन म्हणजे उणे १२, साधारण महिना. तीन म्हणजे उणे १८, तीन महिने. ताजं शिजवलेलं अन्न गोठवायला खरं तर चार चांदण्यांचाच हवा, तोही उणे १८ किंवा त्याहून थंड असतो. तुमच्याकडे एक चांदणीचाच कप्पा असेल तर हा सगळा प्लॅन अर्ध्या प्रमाणात करा, एकदा सुट्टीला आणि एकदा आठवड्याच्या मधे, आणि कप्प्यात फक्त विकतचे फ्रोझन मटार-पालक ठेवा.

फ्रीझर जंतू मारत नाही आणि अन्न सुधारतही नाही, जंतूंची वाढ तेवढी थांबवतो. म्हणजे बिघडायला लागलेलं चिकन आत टाकलं तर बाहेर काढल्यावर तिथूनच पुढे बिघडत जाणार. ताजं असतानाच गोठवा.

आणि सगळ्याच गोष्टी गोठवायला चांगल्या नसतात. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि बर्फाचे कण आतल्या पेशी फाडतात, म्हणून काकडी, लेट्यूस, कच्चा टोमॅटो बाहेर काढल्यावर लिबलिबीत होतो. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. सालासकट कच्चं अंडं फुटतं, पण फोडून फेटलेलं अंडं मात्र छान गोठतं. उकडलेला बटाटा रवाळ होतो, क्रीमचे सॉस फाटतात, दह्याला पाणी सुटतं. याउलट डाळ, चणे, राजमा, खिमा, चिकनचे तुकडे, भात, ब्रेड, पालक, मटार, टोमॅटोचा शिजवलेला सॉस यांना जवळजवळ काहीच होत नाही. आपली यादी याच दुसऱ्या गटातून बनवलीय.

टोफू हा यातला सगळ्यात मजेशीर प्रकार. तो पाकिटातून काढून, तुकडे करून गोठवा, पिवळसर आणि दगडासारखा होईल, घाबरू नका. रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्या आणि मग दोन्ही तळव्यांत धरून हळू दाबा, पाणी धार लागून निघतं आणि हातात स्पंजसारखा, बारीक भोकांचा तुकडा राहतो. बर्फाने त्याच्या आत जागा केलेली असते. आता तो सोया सॉस म्हणा, लसूण-तिखट म्हणा, जे घालाल ते शोषून घेतो आणि पॅनवर परतला की खायला चिवट, भरीव लागतो. ज्यांना टोफू मऊ-बेचव लागतो म्हणून आवडत नाही त्यांनी एकदा हा करून बघाच.

शिजवायचा दिवस

समजा रविवारी करताय. शनिवारी रात्री झोपायच्या आधी ३०० ग्रॅम चणे भरपूर पाण्यात, चमचाभर मीठ घालून भिजवा. मिठाने सालं मऊ पडतात, चणे एकसारखे शिजतात. सकाळी ते पाणी फेकून द्या, पोटात गॅस धरायचं प्रमाणही त्याने थोडं कमी होतं. नव्या पाण्यात, प्रेशर कुकर असेल तर त्यात, नसेल तर जाड भांड्यात मंद आचेवर शिजायला लावा आणि टोमॅटो, लिंबू, चिंच असलं आंबट काहीही आत्ता घालू नका, आंबटामुळे कडधान्य शिजायला फार वेळ लागतो. मऊ झाल्यावर हवं ते घाला.

चण्यांऐवजी राजमा घेणार असाल तर हे नीट वाचा. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचा पदार्थ असतो, त्याने जोरात उलट्या-जुलाब होतात. किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळ उकळलाच पाहिजे, अर्धा तास उकळलात तर आणखी चांगलं, आणि मग पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायचा. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकू नका, त्याचं तापमान पुरेसं वर जात नाही आणि अर्धवट गरम झालेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो.

चणे शिजतायत तोवर मसूर धुऊन लावा, त्याला भिजवायची गरज नाही, २० मिनिटांत होते, पण अगदी पिठलं करू नका, दाणा थोडा धरून ठेवा कारण परत गरम करताना ती अजून शिजणारच आहे. दरम्यान सोया चंक्स उकळत्या मिठाच्या पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवा, गार पाण्यात टाका आणि घट्ट पिळा. हे पिळणं टाळू नका, सोयाचा जो उग्र वास लोकांना नकोसा होतो तो बराचसा त्या पाण्याबरोबर जातो, दोनदा पिळलंत तर आणखी जातो.

चिकन शेवटी घ्या म्हणजे कच्च्या चिकनचा हात बाकी कशाला लागणार नाही. नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू सिंकभर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात, शिजताना ते तसेही मरतात. थाय घ्यायचं कारण स्वस्ताई तर आहेच पण शिवाय त्यात चरबी थोडी जास्त असल्यामुळे गोठवून परत गरम केलं तरी ते रसरशीत राहतं, ब्रेस्ट त्याच वागणुकीत कोरडं पडतं. मीठ, मिरपूड, लसूण एवढंच लावून पॅनमध्ये किंवा ओव्हनमध्ये आतपर्यंत शिजवा, थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस, नसेल तर सगळ्यात जाड तुकडा मधोमध कापून बघा, गुलाबी काही दिसता कामा नये आणि रस स्वच्छ निघायला हवा.

भात एकदम करायचा असेल तर तोही याच दिवशी, पण भाताच्या बाबतीत आळस करू नका. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत आणि भात तासन्‌तास बाहेर राहिला की वाढून विष तयार करतात, जे परत गरम केल्यानेही जात नाही. त्यामुळे भात ताटात पसरून लवकर गार करायचा, तासाभरात आत टाकायचा, आणि उद्यापुरता फ्रिजमध्ये ठेवून बाकी सगळा फ्रीझरमध्ये.

बाकी अन्नालाही दोन तासांची मर्यादा आहे, शिजवल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये गेलं पाहिजे, खोलीत खूप उकडत असेल तर एका तासात. मोठं पातेलं तसंच ठेवून दिलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून उथळ ताटात, ट्रेमध्ये पसरा, पंखा लावा. उकळतं भांडं थेट फ्रिजमध्ये पण नको, शेजारचं दूध आणि बाकीच्यांचं सामान गरम होतं.

पाकिटं करताना

हा भाग लोक घाईत उरकतात आणि मग चार दिवसांनी एका वेळेपुरती डाळ काढायला अख्खा बर्फाचा ठोकळा सुरीने फोडत बसतात. झिपलॉक पिशवी घ्या, आधी ती कोरडी असतानाच मार्करने लिहा, कारण ओल्या-गार प्लास्टिकवर शाई बसत नाही. काय आहे, तारीख, आणि किती ग्रॅम प्रोटीन, हे तिसरं मी मुद्दाम सांगतोय, पिशवीवर 'चणे १४' असं लिहिलेलं असलं की दमून आलेल्या संध्याकाळी डोक्याला काही काम पडत नाही. मग तोंड बाहेरच्या बाजूला दुमडून पिशवी एखाद्या मगात उभी करा म्हणजे झिपला डाळ लागत नाही, एका वेळेचं भरा, ओट्यावर आडवी करा आणि तळहाताने खालून तोंडाकडे दाबत हवा बाहेर काढत झिप बंद करा. दोन सेंटीमीटरपेक्षा जाड नको. ताटावर सपाट ठेवून गोठवा, चार-पाच तासांनी कडक झाल्या की काढून पुस्तकांसारख्या उभ्या लावा. सपाट पिशवी पटकन गोठते, पटकन गोठलं की बर्फाचे कण बारीक राहतात आणि चव-पोत चांगला राहतो, सुटतेही पटकन आणि जागा निम्मी लागते. हवा नीट काढली नाही तर पृष्ठभागावरचं पाणी उडून पांढरट कोरडे डाग पडतात, ते खाऊन अपाय होत नाही पण भुसा चावल्यासारखं लागतं.

चण्यांमध्ये शिजवलेलं थोडं पाणी राहू द्या, नाहीतर सुकतात. चिकन आणि सोया आधी ट्रेवर सुटे पसरून तासभर गोठवा आणि मग पिशवीत भरा, म्हणजे मूठभर हवं असेल तर मूठभर निघतं. रसाळ काही डब्यात भरत असाल तर वर बोटभर जागा सोडा. काचेची बाटली काठोकाठ भरून कधीच ठेवू नका.

हिशोब असा पडतो, ८०० ग्रॅम चिकनची पाच पाकिटं, प्रत्येकी ३० ग्रॅम प्रोटीन. मसूरची पाच, प्रत्येकी १४. चण्यांची चार, प्रत्येकी १४. सोयाची दोन, प्रत्येकी २५. एकूण १६ पाकिटं आणि आठवड्यात दुपार-रात्र मिळून जेवणं १४.

आठवडा कसा चालवायचा

सगळीच पाकिटं फ्रीझरमध्ये टाकायची गरज नाही. शिजवलेलं अन्न ४ अंशांच्या आतल्या फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगलं राहतं, म्हणून सोमवार ते बुधवारची सहा पाकिटं खाली फ्रिजमध्ये आणि उरलेली दहा वर. छोट्या फ्रीझरवाल्यांसाठी हा फरक फार मोठा आहे.

एक दिवस पूर्ण मांडून दाखवतो, सोमवार. सकाळी ४० ग्रॅम ओट्स पाव लिटर दुधात, १३ ग्रॅम. दुपारी डब्यात चण्यांचं पाकीट, त्यात बारीक कांदा, टोमॅटो, लिंबू, मीठ-तिखट, सोबत दोन ब्रेडचे स्लाइस आणि एक उकडलेलं अंडं, मिळून २५. रात्री चिकन, भात आणि १०० ग्रॅम मटार, सगळं एकाच पॅनमध्ये कांदा-लसणावर परतून, ४०. बेरीज ७८. गॅससमोर उभं राहायचा वेळ सकाळी पाच मिनिटं आणि रात्री पंधरा.

पुढचे दिवस असे तपशीलवार लिहून देण्यात अर्थ नाही, तेच तर टाळायचंय. नियम एवढाच ठेवा की दिवसात एक जड पाकीट म्हणजे चिकन किंवा सोया, एक हलकं म्हणजे डाळ किंवा चणे, आणि अंडी-दूध मिळून तीन वेळा कुठेतरी. चिकन-सोयाची सात पाकिटं म्हणजे रोज एक, बरोबर सात दिवस. मसूरमध्ये टोमॅटो आणि फ्रोझन पालक टाकून दाट सूप, ब्रेडबरोबर. सोया चंक्स हाताने कुस्करून टोमॅटो सॉसमध्ये टाकले की पास्त्यावर खिम्यासारखे लागतात. चणे पॅनमध्ये कोरडे कुरकुरीत होईपर्यंत परतून, वर अंडं फोडून. चिकनचे तुकडे आणि मसूर एकत्र उकळून एका भांड्यातलं जेवण, ज्या दिवशी भांडी घासायचा पण कंटाळा आहे त्या दिवशी. एखाद्या रात्री मित्रांबरोबर बाहेर खाल्लंत तर काहीही वाया जात नाही, ते पाकीट जिथे आहे तिथेच राहतं.

बुधवारी रात्रीपासून रोज झोपायच्या आधी उद्याची दोन पाकिटं फ्रीझरमधून फ्रिजमध्ये, खाली एखादं ताट ठेवून. फोनला रोजचा अलार्म लावा, या सगळ्या प्लॅनमध्ये रोज आठवण ठेवायची गोष्ट ही एकच आहे. विसरलात तर पिशवी गार पाण्यात बुडवून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला, सपाट असल्यामुळे लवकर सुटते, किंवा डाळ-चणे असतील तर गोठलेलेच भांड्यात थोड्या पाण्यावर टाकून झाकण ठेवा. रात्रभर ओट्यावर सोडून देऊ नका, आतला भाग बर्फ असतो तेव्हा बाहेरचा भाग जंतूंना हव्या त्या तापमानाला येऊन बसलेला असतो.

गरम करताना वाफा येईपर्यंत, सगळीकडून कडकडीत. मायक्रोवेव्हमध्ये पातळ पिशवी तशीच ठेवू नका, वाडग्यात काढा, झाका, अर्ध्यात थांबवून ढवळा कारण मधे थंड राहतं. भातावर चमचाभर पाणी शिंपडा, परत मोकळा होतो. एकदा गरम केलेलं परत ठेवू नका, म्हणूनच तर पाकिटं एका वेळेपुरती केलीत.

एकदम भरपूर कडधान्यं खायची सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात चणे-मसूर निम्मे ठेवा आणि अंडी थोडी वाढवा, पोटाला फायबरची सवय व्हायला वेळ लागतो, पाणीही जास्त प्या.

लाइट गेली तर सारखं दार उघडून बघू नका. दार बंद असेल तर गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास गोठलेला राहतो. रिकामी जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून ठेवा, तेवढाच थंडावा धरून राहतो.

आता त्या शिल्लक पाकिटांचं. पहिल्या आठवड्यात चारच प्रकार असतात आणि शुक्रवारपर्यंत थोडा कंटाळा येतो, हे खरं आहे. पण दोन पाकिटं उरली, पुढच्या आठवड्यात चण्यांऐवजी राजमा आणि चिकनऐवजी खिमा केलात, त्यातलीही दोन-तीन उरली, की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून फ्रीझर उघडल्यावर सहा-सात प्रकार समोर असतात आणि शिजवता मात्र एका वेळी तीन-चारच. जे स्वस्तात दिसेल ते त्या आठवड्यात जास्त शिजवायचं, बाकी गोष्टी आधीच्या साठ्यातून निघतात. परीक्षेच्या आधी दोन आठवडे दर वेळी थोडं जास्त करत गेलात तर पेपर चालू असताना एकही दिवस शिजवायला लागत नाही.

फ्रीझरच्या दारावर एक कागद चिकटवा, आत काय किती आहे ते रेघा मारून लिहा, पाकीट काढलं की एक रेघ खोडा. खरेदीला जाताना त्या कागदाचा फोटो काढून न्या. आणि नवीन पाकिटं नेहमी मागे, जुनी पुढे.